ऋणको ब्रिटन आणि तटस्थ पोर्तुगाल (१९३९–१९४५)

युद्धकाळी धनसंपन्न राष्ट्र कर्जाच्या बळावर तटस्थ राष्ट्रास अंकित करून घेते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दुसऱ्या महायुद्धातील पोर्तुगालचे उदाहरण मात्र याच्या उलट आहे. तेथे ब्रिटनचे वजन टिकले ते कर्ज देऊन नव्हे, तर कर्ज करून.

१९३९ साली सालाझार यांच्या सरकारने तटस्थता जाहीर केली. तथापि १३७३ च्या तहापासून चालत आलेले ब्रिटनशी सख्य सोडले नाही. नोव्हेंबर १९४० च्या करारान्वये पोर्तुगालने आपल्या मालाचे मोल स्टर्लिंगमध्ये घेण्याचे मान्य केले. ब्रिटनजवळ सोने व डॉलर यांची टंचाई असल्यामुळे ही रक्कम लंडनच्या खात्यावर साचत गेली आणि युद्धअखेर सुमारे ८ कोटी पौंडांवर पोहोचली.

जर्मनीची गरज होती वुल्फ्रॅमची. चिलखतभेदी तोफगोळे व धातू कापणारी हत्यारे यांस लागणारे टंगस्टन या खनिजापासून मिळते. जून १९४१ मध्ये रशियावर स्वारी केल्याने जर्मनीचा सैबेरियामार्गे होणारा आशियाई पुरवठा तुटला. शत्रूस खनिज मिळू नये म्हणून ब्रिटननेही खरेदी आरंभिली व भाव भडकले. जर्मनीने मोल चुकविले ते बव्हंशी स्विस फ्रँक व सोने यांच्या रूपाने. त्या सोन्यात बेल्जियम व नेदरलँड्स येथील मध्यवर्ती बँकांतून लुटलेले सोनेही होते.

एक ग्राहक सोने देत होता, दुसरा केवळ वचन. परंतु वचन खरे ठरण्यासाठी ऋणको जिंकणे आवश्यक होते. म्हणून धनकोचे हित ऋणकोच्या जयाशी निगडित झाले. मात्र या बंधनास आज्ञाधारकता म्हणता येणार नाही. अझोर्स बेटांवरील तळ ब्रिटनला मिळाले ते युद्धाचे पारडे फिरल्यावर, ऑगस्ट १९४३ च्या करारान्वये. आणि तेही पोर्तुगीज वसाहतींवरील सार्वभौमत्वाची हमी घेऊन. गोव्याचाही त्या वसाहतींत समावेश होता. वुल्फ्रॅमची निर्यात तर जून १९४४ पर्यंत थांबली नाही.

याच काळात हिंदुस्थानचेही स्टर्लिंग लंडनमध्ये साचले. ते १०० कोटी पौंडांहून अधिक होते. परंतु परतंत्र हिंदुस्थानास ना नकाराचा अधिकार होता, ना मोबदला मागण्याचा. पोर्तुगालपाशी हे दोन्ही होते. तात्पर्य, येणे किती आहे यापेक्षा ते कोणत्या राजकीय अधिकाराने दिले गेले, यावरच धनकोचे सामर्थ्य ठरते.