अजिंठा लेण्यांतील छायाचित्रण आणि प्रकाश

अजिंठा लेण्यांतील भित्तिचित्रे व शिल्पे छायाचित्रात कोणत्या भावात दिसतात, हे बहुतांशी ती कोणत्या प्रकाशात टिपली आहेत यावर ठरते. वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावरील ही लेणी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात आहेत. शेजारचा जालना जिल्हा १ मे १९८१ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होता.

लेण्यांतील नैसर्गिक प्रकाश

डोंगरकडा वळणदार असल्याने लेण्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना आहेत आणि प्रत्येक लेण्यात ऊन शिरण्याची वेळ निराळी आहे. चैत्यगृहांत दर्शनी कमानीच्या मोठ्या गवाक्षातून प्रकाश थेट स्तूपाकडे जातो. विहारांत मात्र तो दारे-खिडक्यांतूनच येतो व गाभाऱ्यापर्यंत पोहोचताना अगदी क्षीण होतो. वीजदिवे येण्यापूर्वी, आणि त्यानंतरही बराच काळ, लेण्याबाहेर आरसा किंवा चकचकीत पत्रा धरून ऊन आत वळवले जाई. आत ते पांढऱ्या कापडावर पाडले की भिंतीवर मऊ, पसरट उजेड पडे. छायाचित्रकार आज स्टुडिओत परावर्तक वापरतात, त्यामागील तत्त्व हेच आहे.

प्रकाशाची दिशा आणि मुद्रेवरील भाव

लेणे क्रमांक १ च्या गाभाऱ्यात धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील बुद्धमूर्ती आहे. मार्गदर्शक दिवा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेत या मूर्तीचे तीन भाव दाखवतात: एकीकडून स्मित, दुसरीकडून गांभीर्य आणि समोरून ध्यानमग्न शांती. मूर्ती अर्थातच बदलत नाही. भुवया, पापण्या व ओठांच्या कडा यांची सावली सरकते आणि पाहणारा त्या सावलीवरून भाव वाचतो. व्यक्तिचित्रणात दिव्याची जागा का महत्त्वाची असते, हे समजून घेण्यासाठी याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.

याच लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रात प्रश्न वेगळा आहे. चित्रकाराने नाकाचा दांडा, ओठ व हनुवटी यांवर उजळ रंग देऊन चेहऱ्याला गोलाई आणली आहे, म्हणजे प्रकाश चित्रातच रंगवलेला आहे. समोरून फ्लॅश टाकल्यास हा नाजूक उतारचढाव सपाट होतो आणि झुकलेल्या नजरेतील करुणा हरवते. भर म्हणजे १९२०–२२ मध्ये निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचे व्हार्निश दिले होते. ते पुढे पिवळसर पडले. अशा चकचकीत थरावर थेट दिवा पडला की झळाळीचे डाग उमटतात.

छायाचित्रणाचा इतिहास

मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिल यांनी छायाचित्रेही घेतली व ती जेम्स फर्ग्युसन यांच्यासोबतच्या १८६४ मधील ग्रंथात प्रसिद्ध झाली. त्या काळच्या ओल्या कोलोडियन काचा मुख्यतः निळ्या व अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देत. अजिंठ्याच्या भिंतींवर भरपूर असलेले गेरू व तांबडे रंग त्यांवर काळपट उमटत. त्यामुळे ते तंत्र भित्तिचित्रांपेक्षा दगडी स्तंभ व शिल्पांना अधिक मानवणारे होते.

हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात छायाचित्रांवर आधारित रंगीत चित्रसंच चार भागांत प्रसिद्ध केला. त्यासाठी ई. एल. व्हॅसी यांनी छायाचित्रण केले होते. पुढे १९९१ मध्ये बिनॉय बहल यांनी प्रखर दिव्यांऐवजी अत्यंत मंद प्रकाश व दीर्घ एक्स्पोजर ही पद्धत वापरली. कॅमेरा तिपाईवर स्थिर असला की मंद उजेडही हळूहळू साठत जातो व अंधारात डोळ्याला न दिसणारे रंगही नोंदले जातात. ही छायाचित्रे १९९८ मध्ये ग्रंथरूपाने आली. त्यांत चित्रे उष्ण आणि खोल वाटतात. मात्र लेण्यात उभ्या असलेल्या प्रेक्षकाला ती एवढी उजळ कधीच दिसत नाहीत, हेही लक्षात घ्यावे लागते.

सध्याची स्थिती

लेण्यांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. चित्रांच्या संरक्षणासाठी आत फ्लॅश वापरण्यास मनाई असून तिपाईसाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते. त्यामुळे सामान्य पर्यटकाला कॅमेऱ्याची आयएसओ संवेदनशीलता वाढवून, खांबाला टेकून किंवा श्वास रोखून छायाचित्र घ्यावे लागते.