साताऱ्याहून लंडनला शिकायला

सातारा-सांगली भागातून लंडनला शिकायला जाण्याचा इतिहास हा मुख्यतः खर्च कोणी उचलला याचा इतिहास आहे. हुशार मुलांची इथे वाण नव्हती. बोटीचे भाडे, फी आणि तिथल्या राहण्याजेवणाचा भार सोसणारा कोणी मिळणे, हीच अडचण होती.

लंडनशी पहिला मोठा संबंध आला तो दाव्याच्या निमित्ताने. १८३९ मध्ये कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून दूर केले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे १४ वर्षे तिथे तळ ठोकून राहिले. तिथेच ते इंग्रजी शिकले. १८४८ मध्ये राज्यच खालसा झाले आणि रंगो बापूजींना रिकाम्या हाताने परतावे लागले.

पुढे सरकारी शाळा निघाल्या, तरी उच्च शिक्षणासाठी पुणे, मुंबई किंवा कोल्हापूर गाठावे लागे. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय निघाले ते थेट १९१९ मध्ये. साताऱ्यात जन्मलेले गणेश सखाराम महाजनी केंब्रिजहून रँग्लर होऊन आले, पण असे लोक बोटांवर मोजण्याइतके. त्यातही जातीने मागे ठेवलेल्या घरांतून विलायत गाठणे म्हणजे जवळजवळ अशक्यच.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. हीच शाळा आज प्रतापसिंह महाराजांच्या नावाने ओळखली जाते. वडील रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त होऊन नोकरीसाठी साताऱ्यात आले होते. आई भीमाबाईंचा मृत्यू इथलाच. १९०१ मध्ये दुष्काळी कामावर असलेल्या वडिलांना भेटायला भिवा, त्याचा भाऊ आणि बहिणीचे मुलगे आगगाडीने मसूरला उतरले. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाड्याच्या बोलीवर एकाने बैलगाडी दिली. ती मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, असे ठरले. शिदोरी बरोबर होती, पण रात्रभर प्यायला पाणी कोणी दिले नाही. आंबेडकरांनी हा प्रवास पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा तेवढी त्यांनी मिळवून ठेवली होती. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै पै साठवली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले आणि १९२० मध्ये ते पुन्हा बोटीवर चढले.

बॅरिस्टर होण्याची रीत मोठी चमत्कारिक होती. व्याख्यानांना बसण्यापेक्षा इनच्या दालनात ठरावीक जेवणांना हजर राहण्याला तिथे अधिक मोल. वर्षाची चार सत्रे, अशी बारा सत्रे भरायची. परीक्षेची तयारी ज्याची त्याने करायची. जेवण जेवा अथवा नुसते बसून राहा, पैसे मात्र भरायचेच. पोटाला चिमटा घेऊन राहणाऱ्याला हा नियम जाचक वाटला नसता तरच नवल. आंबेडकरांचा दिवस ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाई. रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले चार पापड पत्र्यावर भाजून कपभर दुधाबरोबर ते खात, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. अशा पदव्या त्यांनी घेतल्या. डी.एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. प्रबंधात परीक्षकांनी बदल सुचवले तेव्हा पैसे संपले होते. त्यामुळे दुरुस्ती त्यांनी मुंबईला परतल्यावर केली.

ज्यांच्या घरातच खजिना होता त्यांची वाट अर्थातच सोपी. औंधच्या राजेसाहेबांचे, भवानराव पंतप्रतिनिधींचे, चिरंजीव अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकले आणि लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले. आटपाडी, कुंडल ही आजच्या सांगली जिल्ह्यातली गावे तेव्हा औंध संस्थानात होती. परतल्यावर १९३९ च्या सुमारास संस्थानचा कारभार रयतेच्या हाती सोपवण्याच्या प्रयोगात अप्पासाहेबांचा मोठा वाटा होता. पुढे भारताचे उच्चायुक्त म्हणून ते पुन्हा लंडनमध्ये राहिले.

तिसरी वाट कर्मवीर भाऊराव पाटलांनी काढली. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे नामकरण शाहू बोर्डिंग असे झाले. रयतच्या मुशीत घडलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन साताऱ्यालाच परतले, छत्रपती शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि नंतर शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू.

राजेरजवाड्यांच्या जागी पुढे सरकार आले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासन २००३ पासून राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती देते. तिच्यात फी, निर्वाहभत्ता आणि विमानभाडेही मिळते.