कोशिंबीर आणि रक्तशर्करा

कोशिंबीर : कच्च्या किंवा वाफवलेल्या भाज्या चिरून, किसून वा चोचवून त्यांत दही, दाण्याचे कूट, लिंबू, मीठ घालून केलेला पदार्थ. महाराष्ट्रीय पानात तिची जागा डावीकडे, चटणी-लिंबाच्या शेजारी. मधुमेह्याच्या दृष्टीने हीच जागा आड येते. तोंडी लावणे म्हणून ती चमचा-दोन चमचे वाढतात आणि जेवणाचा पहिला घास असतो वरणभाताचा.

काकडी, मुळा, कोबी, टोमॅटो यांत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. वाटीभर खाल्ल्यानेही रक्तातील साखर फारशी चढत नाही. मात्र कोशिंबिरीचा खरा गुण तिच्यामागून येणाऱ्या अन्नावर दिसतो. भाज्यांतील तंतू, दह्याची प्रथिने आणि दाण्यांतील स्निग्धांश यांमुळे अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते. भात-पोळीतील स्टार्चचे ग्लुकोज मग रक्तात एकदम उतरत नाही.

न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २०१५ मध्ये हे टाइप २ मधुमेहाच्या ११ रुग्णांवर तपासले. सॅलड, भाजी आणि चिकन आधी, पाव आणि संत्र्याचा रस पंधरा मिनिटांनी, असे दिल्यावर उलट क्रमाच्या तुलनेत साखर अर्ध्या तासाने सुमारे २९ आणि तासाने सुमारे ३७ टक्के कमी आढळली. जेवण तेच, फक्त क्रम फिरवलेला. अभ्यास लहान आहे, पण घरी करून पाहायला खर्च काहीच नाही : वाटीभर कोशिंबीर आधी संपवायची, भात मागून वाढून घ्यायचा.

कोशिंबिरीतल्या चिमूटभर साखरेचा बाऊ होतो, तो निरर्थक. चौघांच्या कोशिंबिरीत चमचाभर साखर पडली, तरी माणशी ग्रॅम-सव्वा ग्रॅम येते. उपासाची बटाट्याची कोशिंबीर मात्र नावापुरतीच कोशिंबीर; ती भाताच्या पंगतीतली. खमंग काकडी करताना काकडीचे पाणी पिळून काढतात, तंतू मागे राहतात. गाजर-बिटाचा रस गाळून पिणाऱ्याच्या बाबतीत उलटे होते : साखर पेल्यात येते आणि चोथा टाकला जातो.

इन्सुलिन किंवा स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवायला लावणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी नुसत्या कोशिंबिरीवर जेवण भागवल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.