ओट्यावर काय टाकावं : कारंज्याचं जुनं उत्तर

समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून गेल्यापासून गावाबाहेर फार्महाऊस उठू लागली आणि त्यांच्यापुढे ‘डेक’ मागणारी मंडळीही. मोबाइलवर कुठल्याशा रिसॉर्टचा फोटो दाखवतात अन् विचारतात, “ओव्हरसियर साहेब, अंगणात अशा सागाच्या फळ्या टाकू का?” मी गवंड्याचा पोरगा, जन्मभर बांधकामावर देखरेखीची नोकरी केली. माझं सांगणं एकच असतं : आधी जुन्या वस्तीत एक चक्कर मारा. या गावानं लाकूड कुठं लावलं आणि दगड कुठं, ते पाहून या.

कारंजा लाड हे पूर्वी वऱ्हाडातलं बड्या सावकारांचं गाव. 1670 साली सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर शिवाजी महाराजांची फौज इथं आली, तेव्हा लूट वाहायला चार हजार बैल-गाढवं लागली, असं इतिहासकार सांगतात. लेकुर संघई नावाच्या जैन व्यापाऱ्याची गोष्ट तर घरोघरी ठाऊक आहे. उंटांवरून आलेली सगळी कस्तुरी त्यानं विकत घेतली आणि हवेलीच्या चुन्यात कालवली. गोष्ट खरी किती, ते सोडा. चुन्यात कस्तुरी घातल्याच्या कहाण्या ज्या गावात चालतात, त्याला सागाच्या फळ्या परवडत नव्हत्या असं कोणी म्हणू नये. मेळघाटचं आणि यवतमाळकडचं सागवानही काही सात समुद्रापार नव्हतं.

लाकूड होतंच. जैनांच्या काष्ठासंघाचं चंद्रनाथ स्वामी मंदिर कोरीव लाकूडकामासाठी नावाजलेलं आहे. जुन्या वाड्यांत खांब, तुळया, माडीची पाटई, सगळं लाकडाचं. पण ते छपराखाली. उघड्या अंगणात फळी कोणी अंथरली नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि जूनमध्ये त्याच फळीवर पाऊस कोसळतो. फळी वाकते, चिरते, खिळे वर येतात. खालून उधई लागते ती वेगळीच. सागाच्या गाभ्यात तेल असतं म्हणून तो टिकतो, पण बाहेरचा पांढरट भाग उधई सोडत नाही. आणि आज बाजारात सागाच्या नावाखाली बराचसा तोच मिळतो.

मग मोकळ्यावर बसायची, निजायची जागा कोणती? तर धाबं. आमच्या वडिलांनी तरुणपणी अशी कित्येक धाबी घातली. तुळयांवर लाकडी पट्ट्या, त्यांवर पऱ्हाटीचा नाहीतर गवताचा थर, मग वीतभर पांढरी माती, पाणी मारून तुडवलेली. वरचा थर खारवट मातीचा. मिठामुळे गवत उगवत नाही आणि पहिल्या पावसात माती फुगून बारीक भेगा आपोआप बुजतात. उन्हाळ्यात त्याच धाब्यावर दिवसा कुरड्या-पापड वाळायचे आणि रात्री सगळं घर झोपायचं. डेक म्हणाल तर आमचा हाच. मात्र दर वर्षी मृगाआधी नवी माती चढवायची. एक वर्ष टाळलं की स्वयंपाकघरात पातेली मांडा! ही मेहनत नको झाली म्हणून लोकांनी सिमेंटचे स्लॅब घातले, त्यात त्यांचा दोष नाही. पण मे महिन्यात स्लॅबवर अनवाणी उभं राहून दाखवावं.

जमिनीवरच्या ओट्याची अडचण निराळी. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर काहीही टाका, तडकणारच. म्हणून जुने गवंडी काळी माती उकरून काढत, मुरूम भरून कुटत आणि मगच जोतं बांधत. अंगण मुरूम-पांढरीचं, वर शेणाचा सडा. काळा पाषाण फुकटासारखा पायाखाली होता. पण तो घडवायला घाम काढतो आणि उन्हात तव्यासारखा तापतो. तो पायऱ्यांना आणि जोत्याला लावला, बसायच्या जागी क्वचितच.

राखाडी शहाबादी फरशीची सोय आगगाड्यांनी झाली. 1871 साली मुंबई-रायचूर मार्ग पुरा झाला आणि शहाबादचा चुनखडक दूरवर जाऊ लागला. 1903 साली मूर्तिजापूर-यवतमाळची छोटी गाडी, आपली शकुंतला, कारंज्यावरून धावू लागली. घातली होती ती कापसासाठी. पण जड माल बैलगाडीनं आणायचा त्रासही तिनं वाचवला. सपाट फुटलेला, काळ्या दगडाहून कमी तापणारा आणि बेताच्या किमतीचा दगड ओट्यांना मानवला.

तेव्हा फार्महाऊसवाल्यांना माझं सांगणं असं. उघड्यावर खरबरीत शहाबादीच टाका; पॉलिशची नको, पावसात म्हातारं माणूस घसरून पडेल. पॉलिशचा काळा कडप्पा तर घसरतोही आणि पोळतोही. खाली मुरूम नीट कुटून घ्या आणि पाच फुटांना एक इंच ढाळ घराबाहेर द्या. शहाबादी चुनखडक आहे, ॲसिडनं धुऊ नका, लिंबाच्या रसानंही डाग पडतो. आणि सागाची हौस असेलच, तर आधी वर पत्रा टाका, मग फळ्या.