भिक्षूच्या हातातील कार्षापण : विनयपिटकातील एका नियमाचा इतिहास

बौद्ध धर्मावरील जी पुस्तके आम्हा धर्मगुरूंच्या हाती पडतात, त्यांत चार आर्यसत्ये, अष्टांगिक मार्ग आणि निर्वाण यांची चर्चा विपुल असते. विनयपिटकाच्या वाट्यास मात्र एखादे पान आले तर येते. बौद्ध परंपरेच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. बुद्धांच्या परिनिर्वाणानंतर राजगृह येथे पाचशे भिक्षूंची पहिली संगीती भरली, तेव्हा महाकाश्यपांनी प्रथम न्हावी कुळातील उपालीस विनय विचारला आणि त्यानंतर आनंदास धर्म. अट्ठकथाकारांनी याचे कारण दिले आहे. विनय हे शासनाचे आयुष्य होय. विनय टिकला तर शासन, म्हणजे बुद्धांची शिकवण व तिची चालती परंपरा, टिकली असे समजावे.

आपल्या मनात येथे एक अडसर असतो, तो प्रथमच मान्य केलेला बरा. संत पौलाची पत्रे वाचून तयार झालेले आपले मन २२७ नियमांचे नाव ऐकताच परूशांकडे धाव घेते. सेमिनरीत असताना आम्हीही याहून वेगळे समजत नव्हतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलेल्या दीक्षेनंतर ज्यांचे शेजारी, सोयरे आणि शाळासोबती बौद्ध आहेत, अशा आपल्या धर्मशिक्षकांना ही समजूत फार काळ बाळगणे परवडणारे नाही. खुद्द बाबासाहेबांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात, भिक्षूचे प्रयोजन काय, हा प्रश्न आवर्जून उभा केला आहे.

विनयाचा सारा पसारा येथे मांडण्याचा आमचा विचार नाही. मराठीतून तो जाणून घेऊ इच्छिणाऱ्यांनी गोव्यात साखवाळ येथे जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांचे ‘बौद्ध संघाचा परिचय’ हे पुस्तक पाहावे. १९०२ साली सिंहलद्वीपात प्रव्रज्या घेऊन त्यांनी स्वतः हे जीवन अनुभवले होते. आम्ही एकच नियम घेतो : भिक्षूने सोने-रुपे स्वीकारू नये. त्याचा इतिहास पाहता असे दिसते की, विनय ही आधी रचून ठेवलेली संहिता नव्हती. चुकलेल्या माणसांच्या हकिकतींतून ती वाढली, आणि तिचे बळ शिक्षेत नसून सहबंधूंसमोर चूक बोलून दाखविण्यात होते.

विनयपिटकाच्या आरंभीच ही गोष्ट सांगितली आहे. वेरंजा येथे सारिपुत्ताने बुद्धांस विनंती केली की, ब्रह्मचर्य दीर्घकाळ टिकावे म्हणून आपण आताच नियम घालून द्यावेत. बुद्धांनी त्यास थांबविले. संघ जुना होतो, विस्तारतो, त्यास लाभ भरपूर मिळू लागतो, तेव्हा दोष शिरतात; ते दिसू लागले म्हणजे नियम घालावयाचे, त्याआधी नव्हे. वैद्याने रोगापूर्वी शरीरास छेद देऊ नये असा हा विचार आहे. म्हणूनच विनयात प्रत्येक नियमापूर्वी एक कथा येते, आणि ती बहुधा लाजिरवाणी असते. स्वतःच्या बंधूंची फजिती संघाने शतकानुशतके मुखोद्गत ठेवली, ही गोष्ट आम्हास कोणत्याही स्तुतिस्तोत्रापेक्षा अधिक बोलकी वाटते.

सोन्या-रुप्याच्या नियमामागील कथा राजगृहातील आहे. शाक्यपुत्र उपनंद हा एका घरी नेहमी भोजनास जाई. त्या घरी एके संध्याकाळी मांस आले. उपनंदाचा वाटा बाजूस काढून ठेवला गेला. परंतु पहाटे मूल मांसासाठी रडू लागले, तेव्हा तो वाटा मुलास देण्यात आला. भिक्षूसाठी एका कार्षापणाचे दुसरे काही आणू, असे ठरले. उपनंद आला, त्याने हकिकत ऐकली आणि विचारले, तो कार्षापण माझ्यासाठीच काढलेला आहे काय? होय म्हणताच त्याने तो नाण्याच्याच रूपात मागून घेतला. गृहस्थाने दिला खरा, पण तो कुरकुरला : आम्ही संसारी माणसे जसे पैसे घेतो, तसेच हे श्रमणही घेतात! या कुरकुरीतून नियम जन्मास आला. भिक्षूने सोने-रुपे स्वतः घेऊ नये, दुसऱ्याकरवी घेववू नये, आपल्या नावे ठेवलेले मान्य करू नये.

दंड कोणता, हे अधिक लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. घेतलेली रक्कम भिक्षूने संघाच्या मध्ये सोडून द्यावयाची. तेथे एखादा उपासक आला तर ती त्याच्या स्वाधीन करावयाची. त्याने काय आणू असे विचारल्यास अमुक आणा अशी आज्ञा करावयाची नाही. तूप, तेल, मध, काकवी या वस्तू भिक्षूस चालतात एवढेच सुचवावयाचे. त्याने आणलेले सर्वांनी वाटून घ्यावे, फक्त ज्याने पैसा घेतला त्याने नाही. उपासक तयार नसेल तर ती रक्कम फेकून देण्यासाठी संघाने एक भिक्षू निवडावा. तो लोभ, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा असावा, आणि काय फेकले व काय राहिले हे त्यास समजत असावे. त्याने खूण न ठेवता ती फेकावयाची. खूण ठेवील तर तोच दोषी! ही शेवटची तरतूद ज्याने घातली त्यास मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक होता.

असे दोष उघड होण्याची नित्याची जागा म्हणजे उपोसथ. दर पंधरवड्यास एका सीमेतील सर्व भिक्षू एकत्र जमत आणि पातिमोक्खाचे पठण होई. प्रत्येक वर्गाच्या शेवटी, आपण शुद्ध आहात ना, असे तीन वेळा विचारले जाई, आणि मौन म्हणजे शुद्धी असे धरले जाई. ज्याच्या हातून चूक झाली असेल त्याने ती आधीच सांगावयाची. ऐकणारा विचारतो, तुम्हांस दोष दिसतो काय? दिसतो, असे उत्तर आले की तो म्हणतो, पुढे संयम राखा. बस्स, इतकेच. येथे क्षमा करणारा कोणी नाही आणि क्षमेचा शब्दही नाही. प्रायश्चित्त संस्कार देणाऱ्या धर्मगुरूस हा फरक तत्काळ जाणवेल. तो पुसून टाकण्याचे आपणास कारण नाही. आपण ज्याच्या नावाने पापमोचन देतो त्याचे स्थान त्या सभेत रिकामे आहे. पण त्या सभेस नुसती कायदेबाजी म्हणणेही खोटे ठरेल. विनयपिटकाच्या परिवार या अखेरच्या भागात नियमांचे प्रयोजन एका साखळीत सांगितले आहे : विनय संयमासाठी, संयम मनाला टोचणी न राहण्यासाठी, टोचणीचा अभाव आनंदासाठी, आणि तेथून प्रीती, शांती, सुख, समाधी, यथार्थ ज्ञान व विमुक्ती अशी ती चढत जाते. टोचणी असलेले मन ध्यानास बसत नाही, एवढा साधा अनुभव तिच्या मुळाशी आहे. विनय व धर्म यांचा सांधा तो हाच.

तरीही भिक्षूस वस्त्र लागते, औषध लागते, आणि दाता पुष्कळदा पैसाच घेऊन येतो. याची वाट विनयानेच काढली. वस्त्रासाठी कोणी दूताकरवी द्रव्य पाठविले, तर भिक्षूने सांगावे की आम्ही द्रव्य घेत नाही, योग्य वेळी वस्त्र घेतो. दूताने सेवक कोण असे विचारल्यास मठाचा सेवक किंवा उपासक दाखवावा. द्रव्य त्याच्याकडे राहील. गरज पडल्यास भिक्षूने त्यास तीन वेळा आठवण द्यावी. तरी वस्त्र न मिळाल्यास आणखी काही वेळा, एकूण सहापर्यंत, त्याच्यापुढे मुकाट्याने उभे राहावे. त्यापुढे जाऊ नये. दात्यास कळवावे की आपले द्रव्य उपयोगी पडले नाही, परत घ्या. धर्मग्रामाच्या हिशेबवहीशी ज्यांची झटापट चालते, त्यांनी कारभाऱ्यापुढे मुकाट्याने उभे राहण्याचा हा विधी एकदा डोळ्यांपुढे आणावा. गोव्यातील वाचकांना येथे चर्चच्या फाब्रिकेची आठवण होईल; साम्य पुरे नाही, पण मालमत्ता आणि वेदी यांच्यामध्ये प्रापंचिक माणूस उभा करण्याची गरज दोहोंकडे भासली.

येथे पहिल्या संगीतीतील आणखी एक प्रसंग सांगणे अवश्य आहे. आनंदाने सांगितले की, संघास वाटल्यास क्षुद्र-अनुक्षुद्र नियम रद्द करण्याची मोकळीक बुद्धांनी शेवटी दिली होती. ते नियम कोणते, हे मात्र त्याने विचारून घेतले नव्हते. मतभेद झाले. शेवटी महाकाश्यपांच्या प्रस्तावावरून ठरले की, काहीच रद्द करू नये आणि नवे काही घालू नये. नाहीतर लोक म्हणतील, गुरूच्या चितेचा धूर विरेपर्यंतच यांचे नियम टिकले. आमच्या मते हा निर्णय संघाच्या इतिहासातील सर्वांत दूरगामी होय. ज्या संघाने नियम रद्द करण्याची सत्ता आपणहून सोडली, त्यास पुढे बदलत्या काळाशी जी तडजोड करावी लागली ती सर्व अर्थ लावण्याच्या मार्गानेच.

ही तडजोड किती दूर न्यावी, यावर परिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीस वाद पेटला. काकंडकपुत्र यश स्थविर तेथे आले, तेव्हा वज्जिपुत्तक भिक्षूंनी उपोसथाच्या दिवशी काशाच्या भांड्यात पाणी भरून ते मध्ये ठेवले होते, आणि उपासकांना संघासाठी कार्षापण, अर्धा, पाव जे जमेल ते टाकण्यास ते सांगत होते. यशांनी उपासकांना देऊ नका म्हटले. तरी पैसे जमले, माणशी वाटणी झाली आणि त्यांचा वाटा त्यांच्यापुढे आणला गेला. त्यांनी तो नाकारला. तेव्हा उपासकांचे मन दुखविल्याबद्दल त्यांनी उपासकांची क्षमा मागावी, असा ठराव त्या भिक्षूंनी केला. यश स्थविर गेले, पण क्षमा मागण्याऐवजी त्यांनी उपासकांना बुद्धांचा नियमच समजावून सांगितला. उपासक त्यांच्या बाजूचे झाले. पुढे त्यांनी दूरदूरचे भिक्षू जमविले. पावेकडील साठ आणि अवंती-दक्षिणापथातील अठ्ठ्याऐंशी भिक्षू आल्याचा उल्लेख आहे. अवंती म्हणजे आजचा माळवा. इंदूर-उज्जैनकडील वाचकांनी याची नोंद घ्यावी. सातशे भिक्षूंच्या सभेने पूर्वेकडील चार व पश्चिमेकडील चार स्थविर निवडले, आणि रेवतांच्या प्रश्नांना वयोवृद्ध सब्बकामींनी उत्तरे देऊन दहाही मुद्दे विनयविरुद्ध ठरविले. शिंगात मीठ साठवावे की नाही, माध्यान्हीनंतर सावली दोन बोटे सरेपर्यंत जेवावे की नाही, असे मुद्दे त्यांत होते. ते ऐकून हसू येते. पण वादाचे मूळ काशाचे भांडे हेच होते. महासांघिकांच्या विनयातील वृत्तांतातही भर सोन्या-रुप्याच्या प्रश्नावरच आहे.

आता नाशिकला येऊ. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने हे लेणे चातुर्दिश संघास अर्पण केले आणि तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडणारी ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत करावयाचे नाही, व्याजच भोगावयाचे. पहिल्या ठेवीतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. हिशेब करून पाहा : दोन हजारांवर महिन्यास वीस, वर्षास दोनशे चाळीस, म्हणजे वीस भिक्षूंना नेमके बारा बारा. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे नव्वद किरकोळ खर्चासाठी. हे सर्व निगमसभेत जाहीर करून नोंदविले गेले.

वैशालीचे काशाचे भांडे ते हेच काय? आम्हास तसे वाटत नाही, पण दोहोंमधील अंतर फार आहे असेही म्हणवत नाही. द्रव्य श्रेणीकडे आहे, भिक्षूच्या मुठीत नाही; उपनंदाच्या नियमाचा शब्द राखला आहे. मूलसर्वास्तिवादी विनयात तर संघासाठी दिलेली अक्षयनीवी व्याजी लावण्यास स्पष्ट अनुमती आढळते. परंतु ज्या संघाचा भिक्षू कारभाऱ्यापुढे मुकाट्याने उभा राही, त्या संघाचे वस्त्र आता व्याजाच्या दराने मोजले जाते. कान्हेरीच्या लेखांत दाते म्हणून भिक्षू व भिक्षुणींचीही नावे येतात. देण्यास काही असल्यावाचून कोणी दाता होत नाही. हा ऱ्हास म्हणावा, तर याच ठेवींच्या आधारे सह्याद्रीच्या लेण्यांत पिढ्यान्‌पिढ्या वर्षावास झाले, उपोसथ झाले आणि विनयाचे पठण चालू राहिले.

यावरून बोट उगारण्याचा अधिकार आपणास नाही. हनन्या व सप्पीरा यांची गोष्ट ख्रिस्तसभेच्या अगदी पहिल्या पानांवर आहे. असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या १२२३ च्या नियमावलीचा चौथा अध्याय बंधूंना नाणे वा द्रव्य स्वतः किंवा मध्यस्थाकरवी घेण्यास मना करतो. पुढे सातच वर्षांनी, १२३० साली, पोप नववे ग्रेगरी यांनी ‘आध्यात्मिक मित्रा’कडे द्रव्य ठेवण्याची वाट मोकळी केली, १२७९ साली पोप तिसरे निकोलस यांनी मालकी पोपपीठाकडे व उपयोग बंधूंकडे अशी विभागणी ठरविली, १३२२ साली पोप बाविसावे योहान यांनी ती मोडून काढली. विनयातील सेवक आणि फ्रान्सिस्कनांचा मित्र एकमेकांस पाहते तर त्यांनी परस्परांस ओळखले असते. भेद आहे तो अधिकाराचा. आपल्याकडे नियमाचा अर्थ ठरविणारे आणि तो बदलणारे एक पीठ होते, म्हणून वाद तेथे जाऊन संपले किंवा चिघळले. राजगृहाच्या निर्णयानंतर भिक्षुसंघात असे पीठ उरले नाही.

म्हणून तेथे सुधारणा पुष्कळदा नियमाच्या शब्दाकडे परतण्याच्या रूपानेच आली. सयामचे राजपुत्र मोंगकुट हे भिक्षू असताना त्यांनी सन १८३३ च्या सुमारास धम्मयुत्तिक निकाय सुरू केला, तो अशाच आग्रहाने. १८५१ साली ते राजे झाले. थायलंडमध्ये आज अनेक भिक्षू पैसे हाताळतात, अरण्यविहारांतील पुष्कळसे हाताळीत नाहीत. दान देणारा गृहस्थ रक्कम विहाराच्या सेवकाकडे ठेवतो आणि भिक्षूच्या हाती केवळ एक चिठ्ठी देतो. इतक्या मोलाच्या आवश्यक वस्तूंसाठी द्रव्य सेवकाकडे दिले आहे, गरज पडेल तेव्हा त्यांच्याकडे मागावे, अशा अर्थाचा मजकूर तीवर असतो.