तांबडी तार, काळी तार



मोटारीच्या बॅटरीच्या धन टोंकाला तांबडी तार आणि ऋण टोंकाला काळी तार जोडलेली आपण नेहमीं पाहतों. हा भेद निसर्गानें केलेला नाहीं. माणसांनीं तो आपसांत ठरवून घेतला आहे. 'धन' आणि 'ऋण' हीं नांवें सुद्धां तशींच. फ्रान्समध्यें द्यु फे यानें १७३३ च्या सुमारास कांचेची आणि राळेची अशा दोन विजा मानल्या. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन फ्रँक्लिननें १७४७ सालीं सांगितलें कीं, वीज एकच. जेथें ती अधिक तेथें धन, जेथें उणी तेथें ऋण. घासलेली कांच त्यानें धन धरली. हा केवळ तर्क होता, आणि तो उलटा निघाला! १८९७ सालीं केंब्रिजच्या जे. जे. टॉमसननें इलेक्ट्रॉन शोधला. पुढें उमगलें कीं, तारेंतून वाहणारे कण ऋण असून ते ऋण टोंकाकडून धन टोंकाकडे जातात. परंतु दीडशें वर्षांच्या पुस्तकांतील बाण कोण फिरविणार? मीहि जन्मभर फळ्यावर तेच बाण काढले.

फळ्यावरची चूक खपते. तारेच्या रंगाची चूक जीव घेते. घरांतील विजेचें धन-ऋण सेकंदाला पन्नास वेळां आलटून पालटून येतें. म्हणून तेथें फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग असे भेद करतात. ब्रिटनमध्यें फेज तांबडी, न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी. जर्मनींत मात्र १९६० च्या दशकापर्यंत अर्थिंगच तांबडी असे! तशी जर्मन इस्त्री ब्रिटिश गृहस्थानें आपल्या संवयीप्रमाणें जोडली, तर वीज थेट लोखंडांत उतरावी. शिवाय तांबडा-हिरवा नीट न ओळखणारे पुरुष युरोपांत शंभरांत आठांच्या आसपास. म्हणून तपकिरी, निळी आणि हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची अशी नवी त्रयी ठरली. ब्रिटननें ती घरगुती उपकरणांच्या वायरींसाठीं १९६९ च्या नियमांनीं पत्करली. भिंतींतील तारांसाठीं २००४ सालीं, आणि २००६ पासून सक्तीनें.

त्यांतून एक नवाच घोटाळा उद्भवला. तीन फेजांच्या जुन्या पद्धतींत फेज तांबडी, पिवळी व निळी, आणि न्यूट्रल काळी. नव्या पद्धतींत निळी न्यूट्रल झाली, आणि काळी फेजांत गेली! जुन्या-नव्या तारा जेथें एकत्र आल्या, तेथें पेटीवर इशाऱ्याची पाटी लावण्याचा नियम करावा लागला.

आपल्याकडे ब्रिटिशांपासून आलेली ती जुनी पद्धत अद्याप ठिकठिकाणीं आढळते. लंडनांत शिकलेला तरुण कारागीर उद्यां येथें आला, तर आपली निळी तार त्याला न्यूट्रल वाटेल.