गिटारच्या खांद्यावरचा काप

काही वर्षांपूर्वी पाथर्डीकडचे एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा आठवीतला होता. त्याच्या मांडीवर नवी कोरी गिटार होती, एका बाजूचा खांदा आत गेलेली. वडिलांनी त्या जागेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "सर, एवढा तुकडा काढून टाकलाय, मग आवाज कमी येत नसेल का? आणि काढायचाच होता तर आधी केला कशाला?"

गिटार शिकवायला लागल्यापासून इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला असेल. नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या दुकानांत नवशिक्यांसाठी टांगलेल्या गिटारी पाहिल्या तर बहुतेकींना हा काप असतो. त्याला कटअवे म्हणतात. मुलांना तो आवडतो, दुकानदार पुढे करतो, घरचे पैसे देतात. तो तिथे आला कसा, हे मात्र कुणी सांगत नाही. ही त्या कापाची कुळकथा.

कथा सुरू होते बाराव्या पडद्यापाशी. गिटारच्या फ्रेटना आपण सतारीसारखं पडदेच म्हणू. मोकळ्या तारेला सा धरलं तर बाराव्या पडद्यावर वरचा सा मिळतो, कारण तिथे तारेची लांबी बरोबर निम्मी होते. अंतोनिओ दे तोर्रेस (1817–1892) या स्पॅनिश कारागिराने आजच्या क्लासिकल गिटारचं रूप घडवलं. त्या गिटारची मान बाराव्या पडद्याशी पेटीला मिळते. पुढचे पडदे पेटीच्या तबलीवर, म्हणजे वरच्या फळीवर, येतात. तिथे बोटं न्यायची तर मनगट पेटीच्या खांद्याला अडतं. जुन्या वादकांनी ही अडचण सोसली, कारण त्यांच्या बऱ्याचशा संगीताला वरच्या सप्तकात फार वेळ राहायची गरज नव्हती.

गरज निर्माण केली विसाव्या शतकातल्या नाचगाण्यांच्या वाद्यवृंदांनी. पेरी बेक्टेल हा अमेरिकेतला बँजोवादक. बँजोची लांब मान त्याच्या हातात बसलेली, त्यामुळे गिटारवर बाराव्या पडद्यापुढे त्याचा हात अडायला लागला. त्याच्या मागणीवरून 1929 मध्ये मार्टिन कंपनीने एक नवी गिटार केली. तिच्या पेटीचा वरचा भाग आखूड करून खांदे चौकोनी केले आणि मान चौदाव्या पडद्यापर्यंत मोकळी सोडली. पुढच्या काही वर्षांत पोलादी तारांच्या गिटारींत चौदा पडद्यांची मान हाच रिवाज झाला. वरच्या सा नंतरचा रे मोकळा झाला. पण गिटारला साधारण वीस पडदे असतात. एकोणिसाव्यावर वरचा पंचम, विसाव्यावर कोमल धैवत. तिथवर पोहोचायला आणखी काही करणं भाग होतं.

ते आणखी काही दोन ठिकाणी झालं. अमेरिकेत गिब्सन कंपनीने 1908 च्या सुमारास आपल्या स्टाइल ओ या गिटारच्या एका खांद्यावर लाकडी वेलांटी आणि दुसऱ्या खांद्यावर काप दिला होता. ते रूप फार पसरलं नाही. खरी परंपरा सुरू झाली पॅरिसमध्ये. मारिओ माक्काफेर्री हा इटालियन कारागीर स्वतः उत्तम गिटारवादक होता. त्याने सॅक्सोफोन बनवणाऱ्या सेल्मर कंपनीसाठी एक गिटार आखली. 1932 पासून ती बनू लागली. तिला इंग्रजी डी अक्षरासारखं मोठं तोंड होतं आणि उजव्या हाताने वाजवताना खालच्या बाजूला येणाऱ्या खांद्याला स्वच्छ काप होता. वाजवणाऱ्यानेच आखलेली असल्यामुळे तिच्या रचनेत हाताचा विचार आधी होता.

ही गिटार जगाला ऐकवली गिटारवादक जॅंगो राइनहार्टने. 1928 मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची शेवटची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांनी तो तारांच्या लांबीने पळायचा. मानेवर खाली-वर, शेवटच्या पडद्यांपर्यंत. अशा हाताला खांद्याची भिंत परवडणारी नव्हती. सेल्मरचा काप त्याच्यासाठी केलेला नव्हता, पण त्या कापाचं प्रयोजन त्याच्या वादनाने सगळ्यांना पटवून दिलं.

गिब्सनने 1939 मध्ये एल-5 आणि सुपर 400 या आपल्या मोठ्या गिटारींना काप दिला. 1949 मध्ये ईएस-175 आली ती टोकदार कापाची. तेव्हापासून गोलसर कापाला व्हेनेशियन आणि टोकदार कापाला फ्लोरेंटाइन म्हणायची पद्धत रुळली. पुढे फेंडर टेलिकास्टर (1950) आणि गिब्सन लेस पॉल (1952) या भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारी आल्या. त्यांचा आवाज पेटीतल्या हवेतून येतच नव्हता, त्यामुळे खांदा काढण्यात काही गमवायचं नव्हतं. 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरने तर दोन्ही खांदे कापले. तरुणांच्या डोळ्यांत गिटार म्हणजे कापलेली गिटार असं चित्र बसलं. अकूस्टिक गिटारवर पिकअप लावून ती मंचावर नेली जाऊ लागली तशी ती सवय तिच्यावरही उतरली. दुकानातल्या कापाचं मूळ बरंचसं या सवयीत आहे.

आता त्या वडिलांच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. आवाज कमी होतो का?

आधी एक गोष्ट सांगायला हवी. खांदा कापून काढलेला नसतो. पेटीची बाजू म्हणजे दोन-तीन मिलिमीटरची पातळ फळी. ती ओलावून, तापलेल्या लोखंडावर दाबून वाकवतात. गोलसर कापासाठी ती एकसंध फळी आतल्या अंगाला वळवावी लागते. टोकदार कापात दोन तुकडे टोकाशी जोडतात. शिसवीसारखं कडक लाकूड एवढ्या आखूड वळणात न चिरता बसवणं हे कसबाचं काम. काप असलेल्या गिटारला कारागीर जास्त पैसे मागतो ते या श्रमाचे.

आवाजाचं सांगायचं तर पेटीतली हवा आणि तिचं गोल तोंड मिळून एक घुमारा तयार होतो. मोठ्या गिटारमध्ये तो साधारण 100 हर्ट्झच्या आसपास असतो. पेटीतली हवा कमी झाली की घुमारा थोडा वर सरकतो, पण हवेच्या घटीच्या निम्म्या प्रमाणातच. समजा कापामुळे चार टक्के जागा गेली, तर घुमारा दोन टक्के वर जाईल, 100 चा 102 होईल. एका अर्ध्या स्वराचं अंतर सहा टक्क्यांचं असतं. म्हणजे फरक झाला अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. शिवाय तबली सगळीकडे सारखी हलत नाही. जोरात हलतो तो घोडीभोवतीचा, खालचा रुंद भाग. वरच्या खांद्यांजवळ मानेची पट्टी चिकटवलेली असते, खालून आडवी पट्टी बसवलेली असते, त्यामुळे तो भाग आधीच घट्ट असतो. कारागिराने तबली अर्धा मिलिमीटर जास्त जाड ठेवली किंवा आतल्या पट्ट्या वजनदार लावल्या, तर आवाजात जो फरक पडतो तो या कापापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणून कापाने आवाज बिघडतो हे खरं नाही. काहीच होत नाही हेही खरं नाही. खर्जाचा भरणा किंचित उतरतो, आणि तो तयार कानालाच कळतो.

दुसरा प्रश्न जास्त खोल होता. काढायचाच होता तर केला कशाला? याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, मिरजेत आहे. हत्यारं घडवणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तिथे एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी घडवायला सुरुवात केली. फरीदसाहेब शिकलगार हे त्यांतलं आद्य नाव. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे तिथे वाद्य होतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती सतार नीट पाहावी. तिचे सगळे पडदे दांडीवर आहेत, तबलीवर एकही नाही. दांडी लांब, भोपळा तिच्या टोकाला. हात शेवटच्या पडद्यापर्यंत निर्वेध जातो, आणि त्याहून वरचे स्वर तार आडवी ओढून, मींड घेऊन काढता येतात. म्हणून भोपळा अखंड राहिला.

गिटारने वेगळी वाट धरली. मान आखूड ठेवली, पेटी हाताशी आणली, मांडीवर सुटसुटीत बसेल असं वाद्य केलं. त्या सोयीचं मोल म्हणजे वरचे पडदे पेटीवर गेले. काप म्हणजे त्या जुन्या तडजोडीची फेड. आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर लोखंडी कांडी फिरवली आणि हिंदुस्थानी राग वाजवला. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये ती गिटार ऐकायला मिळते. तिथे हात वरून येतो, मानेला विळखा घालत नाही, म्हणून खांद्याची अडचण तशी उरत नाही. हात कुठून येतो यावर पेटीचा आकार ठरतो.

नगरशी नातं असलेली जगातली सगळ्यांत गाजलेली गिटारसुद्धा अखंड अंगाची आहे. 'द हू' या लंडनच्या बँडचा पीट टाउनशेंड हा मेहेरबाबा या आध्यात्मिक गुरूंचा भक्त. बाबांनी 31 जानेवारी 1969 ला देह ठेवला, आणि त्याच वर्षी आलेल्या 'टॉमी' या ध्वनिमुद्रिकेवर अवतार म्हणून त्यांचं नाव छापलं गेलं. 1972 मध्ये टाउनशेंड नगरजवळ अरणगावपाशी असलेल्या मेहेराबादला बाबांच्या समाधीच्या दर्शनाला आला होता. 'टॉमी'मधल्या 'पिनबॉल विझार्ड'ची सुरुवात होते ती त्याच्या गिब्सन जे-200 वरच्या झपाट्याने. सतरा इंच रुंद, काप नसलेली गिटार. तिथे सगळं काम उजव्या हाताचं आहे, डावा हात मानेच्या खालच्या भागातच राहतो. अशा वादनाला भरलेलं पोट हवं, खांदा राहिला तरी बिघडत नाही. आजही अमरतिथीला, म्हणजे बाबांनी देह ठेवला त्या दिवशी, देशोदेशीचे लोक मेहेराबादच्या टेकडीवर गिटारवर गातात, आणि तेही बहुतेक स्वरमेळ धरून झंकारणंच असतं.

दिसण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लहान, कमरेशी निमुळत्या गिटारला गोलसर काप शोभतो, कारण कमरेचं वळण तो पुढे चालवतो. जे-200 सारख्या भरदार अंगाला तो शोभत नाही. तिथे दोन्ही खांद्यांचा तोल हेच सौंदर्य आहे.

त्या वडिलांना मी सांगितलं, "आवाजाची काळजी करू नका. हा काप डाव्या हातासाठी आहे. पहिली दोन वर्षं मुलाचा हात पाचव्या पडद्यापुढे क्वचितच जाईल. पण गिटार घेतलीच आहे, तर एक दिवस तिथवर जाऊ दे."

तुम्ही गिटार घ्यायला जाल तेव्हा कापाची आणि बिनकापाची, अशा दोन्ही मागा. दुकानदाराला वाजवायला सांगा आणि पाठ फिरवून ऐका. जिचा आवाज मनात राहील ती बाजूला काढा. मग तिच्या बाराव्या पडद्यापुढे स्वतःचा हात नेऊन पाहा. तुमच्या गाण्याला तिथे जायचं असेल तर काप घ्या, नसेल तर त्याच पैशात तबली चांगली असलेली अखंड गिटार घ्या.